बस्त्यावची मेणबत्ती

पांगारा फुलला की मला भीती वाटायला लागते. आमच्या बोर्ली पंचतनच्या शाळेच्या कुंपणालगत एक पांगारा आहे. पान न् पान झडलेलं असतं, आणि फेब्रुवारी सरता सरता फांदीफांदीला लाल फुलं येतात. मैना आणि बुलबुल त्याच्यावर नुसता गोंधळ घालतात. मी दहावीच्या वर्गावर प्रयोग शिकवत असते, कर्तरी, कर्मणी, भावे, आणि खिडकीतून ते लाल दिसलं की पदराने कपाळ पुसते. शिक्षकखोलीत गणिताच्या बाई चिडवतात, "फिलोमिनाबाई, परीक्षा पोरांची आणि घाम तुम्हाला?" मी म्हणते, "हो ना, माझा निकाल किती वर्षं राखून ठेवलाय!" त्या हसतात. त्यांना वाटतं मी विनोद केला.

आम्हा ख्रिस्ती माणसांचा उपासकाळ याच दिवसांत लागतो, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस. माझं माहेरचं गाव इथून उत्तरेला, दिघीची फेरीबोट धरून आगरदांड्याला उतरायचं आणि मुरूडवरून रेवदंड्याच्या दिशेने जायचं, वाटेत खाडीच्या तोंडाशी. पन्नास-साठ घरं आमची, बाकी कोळी आणि आगरी. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. उपासकाळात गावाला तीन वास यायचे. आंब्याच्या मोहोराचा, वाळत घातलेल्या जवळ्याचा, आणि देवळातून येणारा मेणाचा. आई चाळीस दिवस मटण तर सोडाच, सुकटाचं बोटसुद्धा तोंडाला लावायची नाही. आम्हा पोरांना साखर बंद. चहा गुळाचा, आणि तोही तोंड वाकडं न करता प्यायचा, कारण तोंड वाकडं केलं तर त्याचंही पाप.

पाप या शब्दाला आमच्या घरात वजन होतं. "करून करून काय केलंस?" असं आई विचारायची ना, तेव्हा मी दाराआड सरकायचे. ती मारायची नाही. ती नुसती म्हणायची, "मला नको सांगू. देवाला ठाव हाय." त्यापेक्षा दोन रट्टे दिले असते तर बरं झालं असतं.

आणि बस्त्यावकाका. देवळाची चावी त्याच्याकडे. घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं नि विझवणं, वेदीवरचे कपडे धुऊन आणणं, सगळं तोच बघायचा. त्याचा बाप हेच करायचा, आजाही. राखेच्या बुधवाराआधी तो घरोघर फिरायचा. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारी, आणलेले झावळीचे क्रूस तसबिरींच्या मागे खोचलेले असायचे, वाळून पिवळे झालेले. ते गोळा करून देवळामागे पत्र्यावर जाळायचा आणि राख पिठाच्या चाळणीने चाळायचा. मला चाळणी धरायला द्यायचा. "हलवू नको गं फिलू, नायतर फादर सगल्यांना कोलसं लावतील कपाळाला." मोठा गमत्या माणूस. चालताना गुणगुणायचा, आणि कुणी काही विचारलं की आधी हसायचा, मग उत्तर द्यायचा. ते हसू मी नीट लक्षात ठेवलंय. का, ते पुढे येईलच.

ती चावी वीतभर लांब, लोखंडी. दुपारी जेवून काका पडला की त्याच्या ओटीवरच्या खांबाला, खिळ्याला टांगलेली असायची. कुणी हात लावत नसे. कोण लावेल?

उपासकाळाचे शेवटचे दोन आठवडे देवळातल्या सगळ्या मूर्तींवर जांभळी कापडं चढायची. येशू, संत, येशूची आई दुःखी माता, सगळे झाकलेले. मोठ्यांना ते रोजचंच होतं, पण मला त्या कापडांची दहशत वाटायची. रोजची ओळखीची माणसं अचानक तोंड झाकून उभी राहिली तर कसं वाटेल? त्यातून काकाची बायको, रोजाकाकी, एकदा भाकऱ्या थापताना सहज बोलून गेली होती की कापडाखाली दुःखी माता खरंखुरं रडते, म्हणून तर झाकतात. झालं! माझ्या डोक्यात ते जे शिरलं ते शिरलं.

आता इथे मला जरा व्याकरणात शिरावं लागेल, त्याला इलाज नाही. पापनिवेदन हा पुस्तकातला शब्द. आमच्या गावात त्याला कुमसार म्हणतात. जाळीपलीकडे फादर बसलेले, अलीकडे आपण गुडघ्यावर, आणि आपापली पापं सांगायची. आमच्या वेळचे फादर म्हातारे, घाटावरचे, आणि कानाने तिखट. आई सांगायची, तिने एकदा कुमसारात म्हटलं, "फादर, माज्या हातून पाप घडलं." फादर आतून ओरडले, "हातून म्हणजे? हात कुणाचा? घडलं म्हणजे? पाऊस पडला का तो?" आई घाबरून बाहेरच आली. पण घरी येऊन पुन्हा तेच, "माज्या हातून फादरांचा अपमान घडला." आपल्या भाषेत ही फार मोठी सोय आहे हो. कप फुटला. दूध उतू गेलं. शब्द तोंडून निसटला. हातून राहिलं. सगळं आपोआप होत असतं आणि आपण आपले बाजूला उभे. तीस वर्षं मी पोरांना कर्ता ओळखायला शिकवते आहे, आणि दर वर्षी त्या पाठाला माझ्या तळहातांना घाम येतो.

कारण मी अकरा वर्षांची असताना, झावळ्यांच्या रविवाराआधीच्या बुधवारी, दुपारी अडीचच्या सुमाराला, बस्त्यावकाकाच्या ओटीवरच्या खिळ्यावरून चावी काढली गेली.

बघितलंत? अजूनही जीभ तशीच वळते. मी काढली. मी चावी काढली, फ्रॉकच्या खिशात काडेपेटी होती, आईच्या चुलीजवळची, तीही मीच घेतली होती, आणि मी देवळात गेले. भर उन्हाची वेळ, वाटेवर कुत्रंही नव्हतं. आतून दार लोटून घेतलं. देवळात इतका गारवा, इतका अंधार, आणि ते सगळे जांभळे, उंच, गप्प. मी माघारी फिरायला हवं होतं. पण मला अश्रू बघायचे होते. वेदीवरची एक अर्धी जळलेली मेणबत्ती उचलली, पेटवली, दुःखी मातेच्या चौथऱ्यावर चढले, आणि कापड वर केलं.

ती रडत नव्हती. लाकडाची जुनी मूर्ती, पापण्या खाली झुकलेल्या, गालाजवळ कोळ्याचं जाळं. बस्स, एवढंच. मला राग आला हे मला स्पष्ट आठवतं. भीती नाही, राग. फसवलं म्हणून. आणि त्या रागात हात हलला, का वाऱ्याने, का... नाही, माझाच हात हलला. कापडाची कड पेटली. जुनं सुती कापड, मेणाचे थेंब पडून पडून कडक झालेलं. जाळ भसकन वर चढला. मी उडी मारली. मेणबत्ती तिथेच टाकली. बाहेर आले, दार ओढलं, आणि कुलूप लावलं. दार उघडं टाकून यायचं नाही ही आईची शिकवण अंगात इतकी मुरलेली! चावी खिळ्याला टांगली. आत काकाच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी घरी जाऊन आईच्या शेजारी पडले आणि डोळे गच्च मिटून घेतले.

त्या कुलपानेच काकाला गोत्यात आणलं. धूर बघून कोळणी जवळा टाकून धावल्या, काकाने चावी आणून दार उघडलं, हंडे-कळशांनी आग विझवली. देऊळ वाचलं. पण दुःखी मातेचा चेहरा कोळसा झाला होता. दार तर कुलूपबंद होतं, चावी खिळ्याला होती, मग आत मेणबत्ती पेटती ठेवणार कोण? फादरांनी काकाला सगळ्यांसमोर विचारलं. काका आधी हसला. सवयच ती. मग म्हणाला, "सकाली वाती साफ केल्या, फादर. इझवल्याच की मी. इझवल्या असं वाटतंय." मग हसू कुठे गेलं कोण जाणे. जमिनीकडे बघत म्हणाला, "माज्याच हातून राहिली असंल."

आम्हा पोरांनाही फादरांनी ओळीत उभं केलं. "कुणी आत गेलं होतं?" माझ्यापाशी आले. मी मान वर करून म्हटलं, "न्हाय, फादर." मान वर करून! नजर चुकवली असती तर त्यांना कळलं असतं. काकाने चावी फादरांच्या टेबलावर ठेवली. तीन पिढ्यांची चावी. त्याला कुणी काढलं नाही, त्यानेच ठेवली. गुड फ्रायडेला त्याने प्रायश्चित्त म्हणून मोठा क्रूस खांद्यावर घेतला आणि तापलेल्या खडीवरून अनवाणी गावभर चालला. मी मिरवणुकीत त्याच्या मागे दहा हातांवर होते. घंटा त्या दिवशी बंद असते, तिच्या जागी लाकडी खटखटा वाजवतात. तो खट् खट् आवाज माझ्या नावाने चाललाय असं मला वाटत होतं.

मग ईस्टरच्या आधीचं कुमसार. मी जाळीपाशी गुडघे टेकले आणि पाठ केलेली पापं म्हटली. आईचं ऐकलं नाही, भावाला चिमटा काढला, साखर चोरली. फादर म्हणाले, "आणखी?" मी म्हटलं, "न्हाय, फादर." आमच्यात असं शिकवतात की जाणूनबुजून मोठं पाप लपवून ख्रिस्तशरीर, म्हणजे देवळात मिळणारी पवित्र भाकर, जिभेवर घेतलं, तर ते पाप पहिल्यापेक्षा भयंकर. गावातली एक म्हातारी सांगायची, असं करणाऱ्याच्या तोंडात रक्त येतं. ईस्टरला ती पांढरी पातळ भाकर जिभेवर पडली आणि मी तोंड मिटून घेतलं. गिळेना. थुंकी तुरट लागली. मी जागेवर येऊन डोक्यावर घेतलेल्या ओढणीच्या टोकाने हळूच जीभ पुसून बघितली. रक्त नव्हतं. पण त्याने भीती गेली नाही, उलट वाढली. आज नाही आलं, म्हणजे पुढे कधीतरी येणार. इतक्या वर्षांत मी किती वेळा जीभ पुसली असेल याला गणती नाही.

जळालेली मूर्ती फेकून देणं कुणाच्या जिवावर येईना. शेवटी ती पेणला नेली. पेणचे मूर्तिकार म्हणजे गणपतीचे हात! त्या बिचाऱ्याने जीव ओतून काम केलं. नवा चेहरा कोरला, रंगवला, आणि डोळे आखले. आता त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की दुःखी मातेची नजर खाली असते. त्याच्या हिशेबी मूर्ती म्हणजे भक्ताच्या डोळ्याला डोळा भिडला पाहिजे. मूर्ती परत आली ती टक्क उघड्या, पाणीदार डोळ्यांची, अगदी गौरीसारखी. गावातल्या बायका खूश. "बघा कशी आपल्याकडंच बघते!" आणि मी? मी देवळात कुठेही बसले, खांबाआड, बाकाच्या टोकाला, पार मागे, ती माझ्याकडेच बघायची. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. लग्न होऊन गाव सोडलं तेव्हा आई रडत होती आणि मी मनातून सुटले होते. ते डोळे मागे राहिले म्हणून.

पण डोळ्यांचं जाऊ दे, ते लाकडाचे. माणसाचं काय झालं ते सांगते. बस्त्यावकाकाचा स्वतःवरचा विश्वास उडाला. घराला कुलूप लावून निघाला की पाच-दहा पावलांवरून परत यायचा, कुलूप ओढून बघायचा. होडी बांधली की पुन्हा जाऊन गाठ चाचपायचा. रोजाकाकी आईपाशी रडायची, "चूल इझली का बघाया तीनदा उठतंय माणूस. मी सांगते इझली, तर म्हणतो, तुला काय म्हाईत, माजं डोस्कं बरोबर न्हाय." धडधाकट चाळिशीतला माणूस हो! डोकं चांगलं शाबूत होतं. पण गावाने, फादरांनी आणि माझ्या गप्प बसण्याने त्याला पटवून दिलं की ते नाही. आणि गाव म्हणजे गावच. पोरं लांबून ओरडायची, "बस्त्यावकाका, इझवलीस का?" होता होता म्हणच पडली. कुणी छत्री विसरलं, कुणी दूध उतू घालवलं की म्हणायचे, "ही आली बघा बस्त्यावची मेणबत्ती!" माझी आई म्हणायची, माझा भाऊ म्हणायचा. भावाच्या लग्नात तर मी स्वतः, करवली म्हणून मिरवताना, हार घरी विसरून आलेल्या आत्याला तेच म्हटलं. सगळे हसले. मीही हसले. मांडवाच्या टोकाला काका उभा होता. त्याने ऐकलं, आणि तोही हसला.

पाप एकदाच होतं असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी माझ्याशी बोलावं.

काही वर्षांपूर्वी मुंबईत एका अनोळखी देवळात, अनोळखी फादरांपुढे मी हे कुमसारात सांगितलं. सगळं. तरुण आवाज होता त्यांचा. क्षमेचे शब्द बोलले. मला वाटलं, सुटले! आणि मग ते सहज म्हणाले, "बाई, तो माणूस आहे का अजून?" मी म्हटलं, "आहे." "मग त्याला सांगितलंत?" मी म्हटलं, "बघते." बाहेर येऊन उसाचा रस प्यायले, आणि बघते म्हणता म्हणता वर्षं काढली. मी घाबरत होते, नरकाला घाबरत होते, त्या डोळ्यांना, तोंडातल्या रक्ताला. त्या भीतीलाच मी पश्चात्ताप समजत होते. पण त्या सगळ्या भीतीत काका कुठेच नव्हता. माझं काय होईल, एवढंच त्यात होतं. हे कळलं तेव्हा मला स्वतःची शिसारी आली. तरीही मी गेले नाही. इतकी मी भित्री.

यंदा पांगारा फुलायच्या सुमारालाच सिसिलचा फोन आला. सिसिल म्हणजे काकाची मुलगी, माझ्याच वयाची, लहानपणी एका बाकावर बसायचो. रोजाकाकी जाऊन सहा वर्षं झाली, सिसिलच बापाला सांभाळते. म्हणाली, "बाबा इसरायला लागलेत गं. डॉक्टर बोलले, आता हे वाढतच जानार. मला कधी ओळखतात, कधी न्हाय. मेला गॅस मात्र इसरत न्हायत, शंभरदा इचारतात बंद केला का." मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. चाळीस वर्षं ज्या माणसाला आपण विसरभोळे आहोत असं वाटत होतं, तो आता खरंच विसरत होता. सांगायचं तर आता सांगायला हवं होतं. थोड्या दिवसांनी समोर माणूस असणार होता, पण ऐकणारा नसणार होता.

राखेच्या बुधवारी रजा टाकली. पहाटेची एसटी, दिघीची फेरीबोट. बोटीवर गाड्या चढत होत्या, पर्यटक फोटो काढत होते, आणि मी कठडा धरून वाक्यं जुळवत होते. बोट मधेच बंद पडावी असं मला मनापासून वाटलं. गावात पोचेतो सकाळची मिस्सा, देवळातली उपासना, संपली होती. फादरांनी वाटीतली उरलेली राख कपाळाला लावली. मी दुःखी मातेकडे बघायचं टाळलं आणि काकाच्या घरी गेले.

ओटीवर खुर्चीत बसला होता. हाडं नि कातडं. तो खांब तसाच, आणि खिळाही. "तू कोनाची गं?" आधी हसला, मग विचारलं. मी म्हटलं, "फिलू, काका. चाळणी धरायचे ती." "फिलू!" डोळ्यांत ओळख आली. सिसिल चहा ठेवायला आत गेली. मी म्हटलं, "काका, ती देवळातली आग... त्या वेळी माझ्या हातून..." आणि थांबले. हात कुणाचा? त्या म्हाताऱ्या फादरांचा आवाज कानात आला. मी खुर्चीपुढे खाली बसले. "काका, मी चावी घेतली. मी मेणबत्ती लावली. मी कापड पेटवलं. फादरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले." वर्गात मी शिकवते, 'मी चावी घेतली' यात क्रियापद चावीच्या मागे जातं. 'मी कापड पेटवलं' यात कापडाच्या मागे. आपली भाषा तिथेसुद्धा आपल्याला थोडी लपायला जागा देते. पण 'मी खोटं बोलले' यात नाही. तिथे क्रियापद माझ्याच मागे येतं.

काका खांबाकडे बघायला लागला. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं आता हात उगारेल. उगारावा, असंही वाटलं. मग म्हणाला, "म्हंजे... मी इझवलेली?"

"हो, काका. तुम्ही सगळ्या विझवल्या होत्या."

"मी इझवलेली!" त्याने खुर्चीच्या हातावर हात आपटला. "सिसिल! आगं सिसिल! ऐकलंस काय? मी इझवलेली! तुज्या आयला सांग!" आणि तो रडायला लागला. सिसिल दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. चहाचा कप तिच्या हातातच होता. ती मला म्हणाली, "आय मरेस्तोवर बोलत व्हती, माज्या नवऱ्यानं देवाचं तोंड जाळलं. तिला सांगाया नको व्हतंस?" मी जमिनीवरून उठले. ती म्हणाली, "बाबांना सांगितलंस, बरं झालं. आता बाहेर सांग. म्हन गावात हाय, घरात न्हाय." तिने चहा मला दिला नाही, खाली ठेवला.

परतीच्या बोटीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली, दिघीची शबाना. रुमाल काढून म्हणाली, "टीचर, कपाळाला काळं लागलंय तुमच्या, पुसू का?" मी म्हटलं, "राहू दे गं, माझंच आहे." ती गोंधळली. मी बोट लागेपर्यंत समुद्राकडे तोंड करून उभी होते.

बाहेर सांगायला पुढचा रविवार उजाडला. मिस्सा सुटल्यावर देवळाच्या अंगणात माझ्या भावाने गाडीची किल्ली शोधत खिसे चाचपले, आणि कुणीतरी म्हणालंच, "बस्त्यावची मेणबत्ती!" मी तिथेच, मोठ्याने म्हटलं, "बस्त्यावची नाही ती. माझी. मी लावली होती, चावी चोरून, आणि कुलूप लावून पळाले. आजपासून फिलूची मेणबत्ती म्हणा." भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "आता कशाला उकरून काढतेस? लोक काय म्हणतील?" लोक काहीच म्हणाले नाहीत. ते बाजूला झाले, एवढंच. ज्या बायका मला मिठी मारायच्या त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. मग मी आत जाऊन त्या उघड्या डोळ्यांसमोर उभी राहिले. अजून बघतच होती.

मला वाटलं होतं, एकदा सांगितलं की संपेल. संपलं नाही. पुढच्या शनिवारी गेले तर काका म्हणाला, "तू कोनाची गं?" त्याला काहीच आठवत नव्हतं. आग आठवत होती, चावी ठेवलेली आठवत होती, माझं सांगणं तेवढं पुसलं होतं. सिसिल आतून म्हणाली, "काल पुन्हा इचारत व्हते गॅसचं. सांग पुन्हा." मी पुन्हा खाली बसले. पुन्हा पहिल्यापासून. मी चावी घेतली. मी खोटं बोलले. आणि त्याला ते पहिल्यांदाच कळत होतं, त्यामुळे मलाही ते पहिल्यांदाच सांगायचं होतं. तेच त्याच्या ओठांकडे बघत राहणं. या वेळी तो काय करेल? एका शनिवारी तो चिडला. "चालती हो माज्या घरातनं!" म्हणाला, आणि मी निघून आले. त्याचा हक्कच होता तो. क्षमा केली, असं त्याने आजवर एकदाही म्हटलेलं नाही. म्हटलं तरी पुढच्या शनिवारी ती त्याच्याकडे नसेल.

गेल्या शनिवारी मात्र त्याने ऐकून घेतलं, "मी इझवलेली" म्हणाला, आणि मग अगदी शांतपणे विचारलं, "मंग इतकी वर्सं गप का बसलीस?"

या प्रश्नाला मी चाळीस वर्षं भीत होते. सगळी वाक्यं तयार होती, लहान होते, कळत नव्हतं, आईला काय वाटेल म्हणून. एकही आलं नाही. मी म्हटलं, "मी भ्याले, काका."

काकाने माझ्याकडे बघितलं. आधी हसला नाही. "मीबी भ्यालो व्हतो," तो म्हणाला. "माजं मलाच भ्या वाटायचं."

त्याचा हात माझ्या डोक्यावर आला, का खुर्चीवरून उठायला आधार हवा होता म्हणून, ते मला सांगता येत नाही. उठून तो खांबापाशी गेला, रिकामा खिळा बोटाने चाचपला, आणि म्हणाला, "चावी जाग्याव ठेवलीस ना?" मी म्हटलं, "ठेवली, काका."

त्या दिवशी संध्याकाळी सिसिलचा फोन आला. आज बाबांनी गॅसचं विचारलं नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आला. सकाळपासून चारदा विचारलं होतं. "शनिवारी येतेस ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. आज गुरुवार आहे, खिडकीबाहेर पांगाऱ्याखाली फुलांचा लाल सडा पडलाय, आणि माझे हात आत्तापासून गार पडलेत.